पहाटेच्या काळ्या कपड्यांतली शर्यत

तूर दे फ्रान्समध्ये १९३४ साली पहिल्यांदा टाइम ट्रायल झाली आणि आँतोनँ मान्यने ती जिंकली. एकेकट्याने सुटायचं, पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, फक्त घड्याळ. या प्रकाराभोवती आज मोठं तेजोवलय आहे. पण त्याचा जन्म इंग्लंडातला, आणि तोही एका बंदीला बगल देण्याच्या खटपटीतून झालेला.

१८९४ च्या जुलैमध्ये नॉर्थ रोड क्लबची शर्यत चालू असताना सायकलस्वारांचा घोळका बघून एका बाईच्या गाडीचा घोडा बुजला आणि गोंधळ उडाला. पोलीस सगळ्याच सायकलस्वारांच्या मागे लागतील, ही नॅशनल सायक्लिस्ट्स युनियनची जुनीच धास्ती. रस्त्यावर शर्यत नको, हौस असेल तर ट्रॅकवर जा, हा तिचा हेका आता आणखी पक्का झाला. त्या गोंधळात सापडलेल्यांपैकी एक होता फ्रेडरिक बिडलेक. त्याने तोड काढली: स्वारांना अंतराअंतराने एकेक सोडायचं, म्हणजे घोळकाच होणार नाही आणि बघणाऱ्याला शर्यत दिसणारच नाही. ऑक्टोबर १८९५ मध्ये नॉर्थ रोडने अशी ५० मैलांची शर्यत घेतली.

पुढे या लपवाछपवीचा एक रिवाजच झाला. शर्यत भल्या पहाटे. अंगात खांद्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे. यादीवर ‘खाजगी आणि गोपनीय’ असा शेरा. मार्गांनाही गावांची नावं नाहीत, ‘ई ७२’ असले संकेत. घोडागाड्या रस्त्यावरून गेल्या, तरी हा सोवळेपणा दशकानुदशकं टिकला. १९३७ मध्ये या शर्यतींची रोड टाइम ट्रायल्स कौन्सिल ही रीतसर नियामक संस्था झाली. पळवाट काढणाऱ्यांचे वारस आता वाटेवर पहारा देऊ लागले होते.

वुल्व्हरहॅम्प्टनच्या पर्सी स्टॅलर्डला हा पहारा जाचू लागला. १९३३ पासून तीन वर्षं तो जागतिक स्पर्धेत उतरला होता. युरोपात सगळे एकत्र सुटतात, आपण मात्र एकेकटे पहाटे चोरासारखे, हे त्याला सलत होतं. युद्धात पेट्रोल रेशनवर आलं, रस्ते ओस पडले. याहून चांगली वेळ कोणती? ७ जून १९४२ ला त्याने लँगॉलन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी ५९ मैलांची शर्यत घेतली. परवानगी युनियनची नव्हती, पण पोलिसांची साथ होती! ज्यांच्या भीतीने अर्धशतक काळे कपडे घातले, तेच बंदोबस्ताला आले. चाळीस स्वार, शेवटी हजाराहून जास्त बघे, विजेता आल्बर्ट प्राइस. अपघात नाही, तक्रार नाही. युनियनने तरीही स्टॅलर्डला बाहेर काढलं. मला यात रस्त्याच्या सुरक्षेपेक्षा दुखावलेला अधिकारच जास्त दिसतो.

त्याच नोव्हेंबरात बंडखोरांनी ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स काढली. आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मात्र युनियनलाच, त्यामुळे लीगच्या स्वारांना परदेशची अधिकृत दारं बंद. पण लोक आणि पुरस्कर्ते लीगकडे वळले. १९४५ मध्ये ब्रायटन ते ग्लासगो ही टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली. १९५२ मध्ये लीगच्या इयन स्टीलने वॉर्सा–बर्लिन–प्राग ही शांतता शर्यत जिंकली, तेव्हा ‘अनधिकृत’ या शिक्क्यात फारसा दम उरला नाही.

आणि गंमत अशी, की शर्यतीच्या आयोजनावर टीका केली म्हणून याच लीगने स्टॅलर्डलाही निलंबित केलं. तो माणूसही मवाळ नव्हताच म्हणा. १९५९ मध्ये लीग आणि युनियन एकत्र येऊन ब्रिटिश सायकलिंग फेडरेशन झाली. एकत्र सुटणाऱ्या शर्यती अधिकृत झाल्या. ज्यासाठी भांडला ते मिळालं होतं, तरी स्टॅलर्डच्या लेखी हे विलीनीकरण म्हणजे विश्वासघातच होता.

टाइम ट्रायलवाले या विलीनीकरणात आले नाहीत. ब्रिटनमध्ये त्यांची संस्था आजही वेगळीच आहे.