लॅपटॉपचे रुखवत

लग्नाच्या रुखवतात मांडलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, यावर कोणीतरी एकदा प्रबंध लिहायला हवा. मण्यांचा हत्ती, काडेपेटीच्या काड्यांचे देऊळ, क्रोशाचे रुमाल, कापडी बाहुला-बाहुली ही मंडळी लग्नाच्या दिवशी चार तास टेबलावर मिरवतात, दोन्हीकडच्या बायका त्यांचे तोंडभरून कौतुक करतात आणि संध्याकाळी सगळी एका खोक्यात शिरतात. खोके माळ्यावर जाते. पुढची चाळीस वर्षे त्याचा कोणाला उपयोग होत नाही आणि ते टाकून द्यायची कोणाची छातीही होत नाही. आमच्या माळ्यावर असे एक खोके आहे. त्यातला हत्ती मी दर दिवाळीला झटकतो आणि परत ठेवतो.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे नवा लॅपटॉप. जुना सुरू होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. शेवटी पुतण्याच्या आग्रहावरून नवा घेतला. घरी आणून चालू केला आणि पाहतो तो काय, नवरी एकटी आलीच नव्हती! अख्खे रुखवत घेऊन आली होती. विषाणूंवर पहारा करणारा एक गुरखा होता, पण तो फक्त ३० दिवस फुकट राखण करणार. पुढे पगार सुरू. लॅपटॉपवाल्या कंपनीचा एक मदतनीस होता आणि त्या मदतनिसाला मदत करणारा दुसरा. फोटो पाहायला तीन निरनिराळे प्रोग्राम होते. जणू मला तीन डोळे आहेत. वही-पेन्सिल घेऊन मोजायला बसलो. ४१ भरले. यांतले एकही मी मागितले नव्हते.

"काका, हे सगळं ब्लोटवेअर आहे. उडवा सरसकट," पुतण्या फोनवर म्हणाला. त्याच्या पिढीला 'सरसकट' हा शब्द फार प्रिय आहे.

"अरे, पण एखादं कामाचं असेल तर?"

"नसतं हो!"

मी पडलो जुन्या वळणाचा कारकून. फायलीतला कागद फाडण्याआधी तो कोणी लावला, कधी लावला आणि कोणाच्या सोयीसाठी लावला, हे पाहायची सवय ३२ वर्षांच्या नोकरीत हाडात मुरलेली. तेव्हा म्हटले, उडवायचेच आहे तर आधी या मंडळींचा कुळवृत्तांत तरी पाहू. आणि पाहायला गेलो तो त्यातच आठ दिवस रमलो.

आरंभ अगदी साधा होता. २० नोव्हेंबर १९८५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आणली. तिच्याबरोबर घड्याळ, गणकयंत्र, दिनदर्शिका, टिपणे करायला नोटपॅड, चित्रे काढायला पेंट, रिव्हर्सी नावाचा सोंगट्यांचा खेळ आणि अशीच आणखी थोडी भांडीकुंडी होती. गरीब घरच्या मुलीला आंदण द्यावे तसे. पण भांडी रोजच्या वापरातली, घासूनपुसून चालणारी.

१९९० साली विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर सॉलिटेअर आला. पत्त्यांचा हा एकट्याने खेळायचा डाव वेस चेरी नावाच्या, कंपनीत उमेदवारी करणाऱ्या एका पोराने लिहिला होता. पत्त्यांची चित्रे काढली सुझन केअर यांनी. मॅकिन्टॉश संगणकावरची सुरुवातीची चिन्हे काढणाऱ्या त्याच या बाई. हा खेळ पुढे कोट्यवधी संगणकांवर गेला, पण त्याबद्दल चेरीला वेगळी दमडीही मिळाली नाही. खेळ देण्यामागे एक हेतू होता. माउस पाहून बिचकणाऱ्या माणसाने पत्ता उचलावा, ओढत न्यावा, सोडावा आणि खेळता खेळता त्याचा हात बसावा.

आमच्या कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा पहिले तीन महिने त्यावर सॉलिटेअरखेरीज काही चालले नाही. आमचे हेडक्लार्क त्याला 'ट्रेनिंग' म्हणत आणि आम्ही तोंडावर रुमाल धरून हसत असू. इतिहास वाचल्यावर आता कळते, गृहस्थ अक्षरशः खरे बोलत होते!

या खेळाची आणखी एक हकीकत आहे. चेरीने मुळात त्यात एक खास कळ ठेवली होती. साहेब येताना दिसले की ती दाबायची; पत्ते गायब होऊन पडद्यावर कामाचे सोंग उभे राहायचे. कंपनीने ती कळ काढायला लावली. विंडोजमधून आजवर जे जे काढले गेले, त्यात सर्वांत हळहळ वाटावी अशी हीच वस्तू. २००६ साली न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग आपल्या महापालिकेच्या ऑल्बनी येथल्या कचेरीत गेले. तिथे एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर त्यांना सॉलिटेअर दिसला आणि त्या गरिबाची नोकरी गेली. ती एक कळ असती तर एक संसार वाचला असता.

पुढे धंदेवाल्यांच्या ध्यानात आले, की रुखवताचे टेबल म्हणजे जाहिरातीची उत्तम जागा. संगणक विकून सुटणारा नफा तुटपुंजा. मग प्रोग्राम करणाऱ्या कंपन्यांकडून पैसे घ्यायचे आणि त्यांचा माल आपल्या यंत्रात भरून द्यायचा, असा रिवाज पडला. म्हणजे टेबलावरचा हत्ती वधूच्या मावशीने केलेला नसून हत्तीच्या कारखानदाराने पैसे मोजून तिथे ठेवलेला! मार्च २००८ मध्ये सोनी कंपनीने तर कमाल केली. आपल्या व्हायो जातीच्या काही लॅपटॉपवर तिने 'फ्रेश स्टार्ट' नावाची सोय जाहीर केली. हा भरताड माल नको असेल, तर ४९.९९ डॉलर जास्त द्या, आम्ही काढून देतो. म्हणजे वरपक्षाने म्हणायचे, 'रुखवत नको' आणि वधूपक्षाने म्हणायचे, 'मग हुंडा वाढवा!' लोकांनी इतका गिल्ला केला, की कंपनीने लगोलग ती सोय फुकट करून टाकली.

काढणे-ठेवणे हा प्रश्न कोर्टातही गेला. १९९५ पासून मायक्रोसॉफ्ट विंडोजबरोबर इंटरनेट एक्स्प्लोरर देऊ लागली. तेव्हा त्या प्रांतात नेटस्केपचे राज्य होते. १९९७ साली अमेरिकन सरकार कोर्टात गेले, की विंडोज हवे असेल तर हेही घ्या, अशी सक्ती ही कंपनी संगणकवाल्यांवर करते. कंपनीचे म्हणणे असे, की हा अंगावरचा दागिना नाही, अवयव आहे. काढाल तर देह चालणार नाही. न्यायमूर्ती थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी एका जाणकाराकडून प्रत्यक्ष काढून पाहवले. ९० सेकंदांच्या आत एक्स्प्लोरर निघाला आणि देह ठणठणीत राहिला. कंपनी म्हणाली, निघाले ते वरवरचे, मुळे आतच आहेत. गंमत म्हणजे तेही अगदीच खोटे नव्हते. १९९८ च्या मे महिन्यात मोठा खटला उभा राहिला. २००० च्या जूनमध्ये जॅक्सनसाहेबांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला आणि २००१ च्या जूनमध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. सगळे वकील गब्बर झाले. आणि ज्याच्यावाचून देह चालणार नव्हता, तो एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी खुद्द कंपनीनेच निवृत्त केला. देह चालूच आहे.

एवढे वाचून माझ्या अंगात स्फुरण चढले. पण हात पुढे होईना, कारण २००२ साल आठवले. त्या वर्षी जगभर एक पत्र फिरत होते. त्यात लिहिले होते, की तुमच्या संगणकात अस्वलाच्या पिल्लाचे चिन्ह असलेली एक फाईल आहे, तो भयंकर विषाणू आहे, १४ दिवस निपचित पडून राहतो आणि मग सगळे खातो. ताबडतोब काढा आणि ओळखीच्या सर्वांना कळवा. मला ते पत्र आले प्रत्यक्ष मेहुण्यांकडून, त्यामुळे शंका घेण्याची सोय नव्हती. शोधले तर खरोखरच अस्वल! घाम फुटला. अस्वल उडवले आणि परोपकारी वृत्तीने कचेरीतल्या साठ जणांना पत्र पुढे पाठवले, साहेबांसकट.

दुसऱ्या दिवशी कळले, की अस्वल निरपराध होते. ती विंडोजबरोबरच येणारी, जावावाल्या कारागिरांच्या उपयोगाची एक साधी फाईल. विषाणू नव्हताच, किंवा होता, पण तो अस्वलात नसून पत्रात होता आणि त्याचा प्रसार करणारे डास आम्ही होतो. त्यानंतर वर्षभर साहेब मला पाहिले की गुरगुरल्यासारखा आवाज काढीत.

म्हणजे न कळता काढणे धोक्याचे. मग न कळता ठेवणे तरी बरे का? तेही नाही. सप्टेंबर २०१४ पासून काही महिने लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर 'सुपरफिश' नावाचा एक प्रोग्राम भरून येत असे. त्याचे काम जाहिराती दाखवण्याचे. पण त्यासाठी हा मासा गिऱ्हाईक आणि बँक यांच्यातल्या मोहोरबंद लखोट्यात तोंड खुपसायचा आणि वर स्वतःची मोहोर उठवायचा. सगळ्या यंत्रांत मोहोरेची किल्ली एकच; एकाला सापडली की सगळ्यांची घरे उघडी. फेब्रुवारी २०१५ मध्ये बिंग फुटले. कहर म्हणजे प्रोग्राम काढला तरी मोहोर आतच राहायची. ती काढायला कंपनीला वेगळे हत्यार द्यावे लागले.

या सगळ्यावरून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली. 'मला हे लागते का' असे विचारायचे नाही, कारण मला काय लागते हे मला कधीच कळलेले नाही. विचारायचे ते असे, की हे इथे ठेवले कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी? ज्याने ठेवले त्याच्याच सोयीसाठी असेल, तर नारळ द्यायचा.

कसोटी लावून मी कामाला लागलो. तीस दिवसांचा गुरखा गेला. मदतनीस गेला, त्याचा मदतनीस गेला. तिसरा डोळा मिटला. पेंट ठेवला. त्याची तर कहाणीच आहे. जुलै २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला मोडीत काढण्याच्या यादीत घातले, तेव्हा लोक असे हळहळले की कंपनीला तो चालू ठेवल्याचे जाहीर करावे लागले. उलट १९९५ साली जन्मलेला वर्डपॅड २०२४ साली विंडोजमधून गेला, तेव्हा सुतक पाळणारे फारच थोडे निघाले. नशीब एकेकाचे!

काढण्याची एक नशा असते. एकेक नाव निवडावे, 'काढा' म्हणावे आणि ते जावे. ३२ वर्षांच्या नोकरीत मला असा अधिकार कधी मिळाला नव्हता. त्या भरात मी ऐच्छिक सुविधांच्या यादीत शिरलो आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' असे काहीतरी दिसले तेही काढून मोकळा झालो. सप्लिमेंटल म्हणजे पुरवणी. पुरवणी कोणाला लागते?

संध्याकाळी अण्णांच्या आठवणींची फाईल उघडली. वडील शेवटच्या वर्षात सांगत गेले आणि मी २००४ साली टाइप करत गेलो, अशी ३४ पाने. फाईल उघडली, पण आत अण्णा नव्हते. शब्द तेच होते, अक्षर परके. ओळी सरकलेल्या, पाने कमी-जास्त झालेली. वीस वर्षे ज्या वळणात त्यांचे बोलणे वाचले, ते वळणच गेले होते. त्यांनी एकदम दुसऱ्याच्या आवाजात बोलावे तसे झाले.

पुतण्याला फोन केला. तो हसला. "काका, तुमचा मंगल उडाला. परत येतो, घाबरू नका."

पाच मिनिटांत मंगल परत आला आणि अण्णाही आले. मग या मंगलचा कुळवृत्तांत पाहिला. हा टंक घडवला आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी, आणि २००० सालच्या विंडोजबरोबर तो आंदण म्हणून निघाला. मीही तो कधी मागितला नव्हता. कोणाच्या रुखवतात कोणी गुपचूप ठेवून दिला, आणि त्याच्यावर माझ्या बापाच्या ३४ पानांचा संसार उभा राहिला. जोशी २००८ साली गेले. आभार मानायचे तर उशीर झाला होता.

४१ पैकी २७ गेले, १४ राहिले. पैकी दोन गेलेले पुढच्याच अद्ययावतीकरणात हसत हसत परत आले. माहेरवाशिणींना कोण अडवणार?

आमची ही हा सोहळा लांबून पाहत होती. म्हणाली, "अहो, यंत्रातला माळा झाला साफ. घरातला कधी करणार? तो हत्ती तरी टाका एकदाचा. दर दिवाळीला नुसता झटकत बसता."

कसोटी तयारच होती. विचारले, "तो केला कोणी होता?"

"माईमावशीनं. तेव्हा तिचे डोळे अधू झाले होते. सोंडेचे मणी चुकलेत बघा. तीनदा उसवून परत ओवले होते तिनं."

चाळीस वर्षे मी तो हत्ती झटकत होतो. सोंडेकडे मात्र आज पहिल्यांदा पाहिले.

हत्ती आता लॅपटॉपशेजारी उभा असतो. परवा पुतण्या आला, त्याच्याकडे बघून म्हणाला, "काका, हे काय?"

म्हटले, "प्रीइन्स्टॉल्ड आहे. काढता येत नाही."