बर्फाची बॅटरी: इमारतीचा एसी ग्रिडला मदत कशी करतो?

काही मोठ्या इमारतींत एसीच्या चिलरला बर्फाची टाकी जोडलेली असते. मी तिला सरळ बॅटरीच म्हणतो. दुपारी सौरवीज भरपूर असते, तेव्हा बर्फ करून ठेवायचा. संध्याकाळी ग्रिडवर ताण आला की चिलर थांबवून त्याच बर्फावर इमारत गार ठेवायची.

१ टन बर्फ वितळताना सुमारे ९३ युनिट उष्णता शोषतो. एरवी चिलर १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता ओढत असेल, तर पीकच्या वेळची ३१ युनिट वीज टळली! एकूण वापर मात्र घटत नाही, बर्फ करायला उलट थोडी जास्तच वीज लागते. बदलते ती वेळ.

म्हणून खरं काम कंट्रोलरचं. हवामान, वर्दळ, विजेचा दर बघून तो बर्फ पुरवतो. बर्फ लवकर संपला, तर चिलर नेमका पीकलाच सुरू होतो.