संखेड्याचा पांगुळगाडा

आमचं घर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. आजोबा हुजूर कचेरीत कारकून होते. गेल्या महिन्यात माझी नात वर्षाची झाली. तिला काय आणायचं यावर घरात दोन दिवस वाद चालला आणि शेवटी सगळे माळ्याखाली जाऊन उभे राहिले. म्हणून हे लिहितोय.

माळ्यावर आमचा पांगुळगाडा आहे. तीन चाकांचा, सागाचा. शेजारी त्याला चालणगाडी म्हणतात. 1938 साली आजोबांनी तो माझ्या वडिलांसाठी संखेड्याहून आणला. डभोईमार्गे छोट्या गाडीनं बहादरपूरला उतरायचं, तिथून ओरसंगकाठच्या संखेड्याला जायचं. या नॅरोगेजची सुरुवात 1862 ची, डभोई ते मियागाम. पहिली काही वर्षं डबे बैल ओढायचे!

संखेड्याचे खरादी संघाड्यावर लाकूड फिरवतात. फिरत्या दांड्याला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते, रंग लाकडावर बसतो. मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणायची. सगळे दांडे सुटे कातलेले. एखादा मोडला तर तेवढाच बदलता येतो. आजोबा हिशेबी माणूस, त्यांनी बहुधा हेच पाहिलं असणार.

बडोद्यात तेव्हा शिक्षण हा घराघरातला विषय होता. सयाजीराव महाराजांनी 1893 ला अमरेली भागात आणि 1906 ला राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. तिकडे भावनगरात गिजुभाई बधेकांनी 1920 ला बालमंदिर सुरू केलं, पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. त्यांचं काम अडीच-तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी होतं, पण त्यातली मुख्य गोष्ट तान्ह्यालाही लागू पडते: मूल स्वतःच्या हातापायांनी करून शिकतं. पांगुळगाडा तेच करतो. बाळाला तो बसवत नाही. बाळ उभं राहतं, ढकलतं, पडतं, पुन्हा धरतं.

1949 ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1960 ला गुजरात वेगळा झाला. आमच्यातले बरेच जण पुण्याला गेले. तांब्यापितळेची भांडी, देव, शालू सगळं वाटलं गेलं. पांगुळगाडा मात्र कुणीच मागितला नाही. तो आमच्याकडे राहिला.

आता माझी चूक सांगतो. 1989 ला माझा मुलगा वर्षाचा होता. गाडा जुनाट दिसतो म्हणून मी बाळाला आत बसवायचा प्लॅस्टिकचा वॉकर आणला. आतलं बाळ पाय टेकून सुसाट पळतं, आपल्याला कौतुक वाटतं. तिसऱ्या आठवड्यात तो ओट्याच्या पायऱ्यांवरून खाली गेला. हनुवटीला तीन टाके. बायको त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं मला अजून आठवतं. पायऱ्यांवरून होणाऱ्या अशाच अपघातांमुळे कॅनडानं 2004 पासून असल्या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, हे मला फार नंतर कळलं.

त्यामुळे या वेळी माझं ठरलेलं होतं: गाडाच काढायचा! पण सूनबाईंनी मुठीकडे बोट दाखवलं. "बाबा, हा हिरवा रंग कसला?"

तो 1962 चा. मी होणार म्हणून काकांनी हौसेनं ऑइलपेंट मारला होता. त्या काळच्या रंगात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम 2017 मध्ये लागू झाला. वर्षाचं मूल दिसेल ते चघळतं; मीही ती मूठ चघळलो असणारच. "आमचं काय वाईट झालं?" हे वाक्य ओठांवर आलं होतं. गिळलं.

घरी खरवडला तर रंगाची पूड उडणार. म्हणून गाडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि मुलगा आणि मी संखेड्याला गेलो. रंग लागलेली मूठ आणि दोन दांडे काढून टाकले, नवे कातून घेतले. साधे, बिनरंगाचे, कडा गोल केलेले. म्हाताऱ्या खरादीनं जुना सांधा निरखला आणि म्हणाला, "काम सारुं छे." आजोबांची पावती इतक्या वर्षांनी मिळाली.

टिकाऊ खेळणं म्हणजे जुनं खेळणं नव्हे. जे दुरुस्त करता येतं आणि दर पिढीनं नव्यानं तपासून घेतलं, तेच टिकतं. आम्ही नातीला तीनच वस्तू दिल्या. हा गाडा, एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या चार वाट्या आणि आईनं शिवलेला चिंध्यांचा चेंडू. अख्खं तोंडात मावेल असं काहीच नाही. आणि गाडा फक्त सपाट जमिनीवर, कुणीतरी शेजारी असताना.

पहिल्या दिवशी तिनं गाड्याकडे बघितलंही नाही. वाट्या आपटत बसली. चौथ्या दिवशी मूठ धरून उभी राहिली. माझा मुलगा शेजारी उकिडवा बसला होता, दोन्ही हात पुढे करून. हनुवटीवर तो जुना व्रण.

तुमच्या घरी कुणाचं बाळपण माळ्यावर आहे? खाली काढा, तपासा, आणि इथे लिहा.