मातीवर उमटलेलीं नांवें

नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर शहरासमोर, उघड्याबोडक्या टेकड्यांची एक रांग आहे. प्राचीन थीब्ज नगरीची ही स्मशानभूमि. राजांचीं थडगीं दरींत दडलेलीं. त्यांच्या पदरचे कारभारी, लेखक व पुरोहित यांनीं आपलीं थडगीं टेकड्यांच्या उतारावर खोदविलीं. या उतारांवरील दगडमातींत भाजलेल्या मातीचे शंकू सांपडतात. थडग्याच्या दर्शनी भागाच्या माथ्यावर त्यांच्या ओळी बसवीत. निमुळतें टोक भिंतींत जाई, वाटोळें तोंड बाहेर राही. माती ओली असतांनाच त्या तोंडावर शिक्का मारीत, आणि त्यांत धन्याचें नांव व हुद्दा उमटे.

अकराव्या राजवंशाच्या काळांतील शंकू कोरे आहेत. लेखांकित शंकूंची खरी चलती अठराव्या राजवंशांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व सोळाव्या शतकापासून झाली. हीं तुळयांचीं टोकें, कीं सूर्यबिंबें, कीं नैवेद्याच्या भाकरी, याविषयीं विद्वानांनीं नाना तर्क केले आहेत. परंतु त्याहून मोलाचा प्रश्न धन्याच्या ओळखीचा आहे.

ही ओळख वाटते तितकी सोपी नाहीं. एकाच शिक्क्याचे ठसे अनेक शंकूंवर असतात. एकावर पुसलेलें अक्षर दुसऱ्यावर शाबूत मिळतें, आणि असे ठसे जुळवून मूळ लेख सिद्ध करावा लागतो. पुढें नुसतें नांवही पुरत नाहीं. नेबामून नांवाचा एक राजवैद्य होता, दुसरा पोलिसांचा नायक, तिसरा शिल्पी. तिघांचींही थडगीं थीब्ज येथेंच आहेत. तेथें हुद्दा हाच निवाडा करतो. पण हुद्दाही शब्दशः घेऊन चालत नाहीं. तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या पदरीं असलेला मेरिमोसे ‘कुशचा राजपुत्र’ म्हणवितो. तो राजाचा मुलगा नव्हे, तर नूबिया प्रांताचा सुभेदार होता. त्याची ओळख पक्की आहे: त्याच्या थडग्याला ३८३ हा क्रमांक असून दगडी शवपेटी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे.

सर्वांचें दैव असें नव्हे. शंकू उतारावरून घरंगळले, आणि एकोणिसाव्या शतकांतील प्रवाशांनीं व संग्राहकांनीं ते उचलून दूरदेशीं नेले. शंकू कोठें मिळाला हेंच नोंदलें न गेल्यानें थडग्याचा माग सुटला. नॉर्मन द गॅरिस डेव्हिस यांनीं मोठ्या चिकाटीनें या लेखांच्या नकला काढल्या. ते १९४१ सालीं वारले, आणि मॅकॅडम यांनीं १९५७ सालीं तो संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत ६०० हून अधिक निरनिराळे ठसे आहेत. त्यांपैकीं कित्येकांच्या धन्यांचीं थडगीं अद्याप सांपडलेलीं नाहींत.

नांव टिकलें तर माणूस टिकला, अशी ईजिप्शियन लोकांची श्रद्धा होती. कोरीव दालनें ढासळलीं, रंगविलेल्या भिंती फुटल्या, देहही लुटारूंच्या हातून सुटले नाहींत. कित्येकांचें तर आतां एवढेंच उरलें आहे: मूठभर भाजलेली माती, आणि तिच्यावर त्यांचें नांव. तें बरोबर वाचणें हेंच त्यांचें उत्तरकार्य होय.