पेकिंग ऑपेराची शाळा आणि हाँगकाँगचे कुंग फू चित्रपट

हाँगकाँगच्या कुंग फू चित्रपटांत नावारूपाला आलेले अनेक नट मूळचे लढवय्ये नव्हते. ते संगीत रंगभूमीचे विद्यार्थी होते. जॅकी चॅन, सामो हंग, युएन बियाओ, युएन वाह आणि कोरी युएन हे सारे यू जिम-युएन यांच्या ‘चायना ड्रामा अकॅडमी’त १९६० च्या दशकात घडले. तेथे पेकिंग ऑपेराचे निवासी शिक्षण दिले जाई. गुरूंच्या नावातील ‘युएन’ अनेक शिष्यांनी आपल्या रंगमंचीय नावात धारण केले.

जुन्या मराठी नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडात मुले राहून शिकत, तशीच काहीशी ही व्यवस्था होती. मात्र शिस्त कमालीची कठोर होती. पालक कराराने मूल शाळेच्या स्वाधीन करीत. जॅकी चॅन यांचा करार १० वर्षांचा होता. कोलांट्या, हातांवर उभे राहणे, शस्त्रे फिरविणे, गायन आणि अभिनय यांतच दिवस सरे. छडीचा मार नित्याचा होता आणि पुस्तकी शिक्षण जेमतेम होते. १९८८ च्या ‘पेंटेड फेसेस’ या चित्रपटात हे जीवन चित्रित झाले असून त्यात सामो हंग यांनी आपल्याच गुरूंची भूमिका केली आहे.

ऑपेराचा प्रेक्षक ओसरला, तेव्हा या मुलांच्या हाती कमावलेल्या शरीराखेरीज फारसे काही नव्हते. त्यांना आधार मिळाला तो चित्रपटांतील स्टंटचा. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये (१९७३) ब्रूस ली यांच्या जागी कोलांट्या मारणारे युएन वाह याच शाळेचे. ब्रूस ली स्वतः इप मान यांच्याकडे विंग चुन ही युद्धकला शिकले होते, तर ‘शाओलिन टेंपल’मधून (१९८२) पुढे आलेले जेट ली बीजिंगच्या वुशू क्रीडासंघातून आले होते.

या प्रशिक्षणांची उद्दिष्टे भिन्न आहेत. प्रत्यक्ष लढतीत प्रहाराचा सुगावा लागू न देणे हे कौशल्य. रंगमंचावर तोच प्रहार शेवटच्या रांगेतूनही दिसावा लागतो आणि जोडीदाराला इजा होता कामा नये. ऑपेरातील झटापट झांजा व ढोलाच्या तालावर चालते आणि मोक्याच्या क्षणी नट स्तब्ध होऊन मुद्रा धारण करतो. तो ताल आणि ते थांबे जॅकी चॅन यांच्या मारामारीत सहज ओळखू येतात.

ऑपेरा नटाचे पुत्र युएन वू-पिंग यांनी ‘द मेट्रिक्स’ची (१९९९) साहसदृश्ये रचली, तेव्हा प्रमुख कलाकारांनी चित्रीकरणापूर्वी सुमारे ४ महिने सराव केला. उरलेले काम तारा, बदली कलाकार आणि संकलन यांनी साधले. दहा वर्षांच्या साधनेची ती बरोबरी नव्हे. परंतु त्यासाठी कोणाचे बालपणही गहाण पडले नाही.