त्रिपुरीची रुग्णशय्या

जबलपूरहून भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांकडे जाताना वाटेत तेवर नावाचे गाव लागते. कलचुरी राजांची त्रिपुरी ती हीच. मार्च १९३९ मध्ये या त्रिपुरीच्या परिसरात काँग्रेसचे ५२वे अधिवेशन भरले. त्या अधिवेशनातील मतभेदांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्याच नगरात एका आजारी माणसाची शुश्रूषाही चालू होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

हा रुग्ण म्हणजे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. पट्टाभि सीतारामय्यांचा २०३ मतांनी पराभव करून ते पुन्हा निवडून आले होते. फेब्रुवारीच्या मध्यास वर्ध्याहून गांधीजींची भेट घेऊन परतताना त्यांना ज्वराने गाठले आणि तो हटेना. त्रिपुरीला ते आले तेही अंगात ताप घेऊनच. ५२ हत्तींची मिरवणूक निघाली, पण रथात अध्यक्षांच्या ऐवजी त्यांचे छायाचित्र होते.

जबलपूरच्या रुग्णालयात न्यावे, असा वैद्यकीय सल्ला पडला. सुभाषबाबूंनी तो मानला नाही. तेव्हा अधिवेशननगरातील त्यांचे निवासस्थान हेच रुग्णगृह झाले. डॉक्टर असलेले बंधू सुनील बोस उपचार पाहत, घरची माणसे उशाशी बसून वारा घालीत. महासमितीच्या बैठकीला त्यांना स्ट्रेचरवरून नेण्यात आले. १० मार्चला खुल्या अधिवेशनातील त्यांचे भाषण थोरले बंधू शरदबाबूंनी वाचून दाखविले.

श्रोतेहो, या परिचर्येचे मोल कसे करावे? ममता होती, वैद्यकीय ज्ञानही उशाशीच होते. नव्हती ती विश्रांती, आणि विश्रांतीवाचून औषधाचे निम्मे बळ वाया जाते. रुग्णाची इच्छा आणि रुग्णाचे हित यांची अशी ओढाताण घरोघरी होत असते. प्रौढ माणूस मूल नव्हे. त्याला उचलून कोठेही ठेवता येत नाही. पण त्याच्या हट्टापुढे नुसती मान तुकविणे म्हणजेही सेवा नव्हे.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट होती संशयाची. हा आजार राजकीय आहे, खरा नाही, अशी कुजबूज झाली. अधिवेशनानंतर धनबादजवळ जामाडोबा येथे विश्रांती घेताना सुभाषबाबूंनी या विचित्र आजारावर एक लेख लिहिला. तो ‘मॉडर्न रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. एकीकडे सहकाऱ्यांचा अविश्वास, तर दुसरीकडे देशभरातून अनोळखी माणसांनी पाठविलेली औषधे, अंगारे, ताईत आणि आशीर्वाद! त्या अनोळखी मायेने आपल्याला धीर दिला, असा त्या लेखाचा आशय आहे. रुग्णाचे दुखणे खरे मानणे ही शुश्रूषेची पहिली पायरी होय. म्हाताऱ्या माणसाच्या कण्हण्याला ‘उगीच करतात’ म्हणणारी घरे आजही थोडी नाहीत.

सुभाषबाबूंच्या घरात डॉक्टर होता. तो सर्वांच्या घरात कोठून असणार? केवळ प्रेमाने परिचर्या येत नाही, ती शिकावी लागते, हे महाराष्ट्रात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी ओळखले होते. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची वाट खुली केली, आणि तेही परिचर्येचे काम हलके समजले जाण्याच्या काळात. २००७ च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. परंतु पैसा मिळाला तरी रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, पाठीला व्रण पडू नये म्हणून काय करावे, औषधाची वेळ कोणी पाहावी, हे प्रश्न उरतातच. आज पुष्कळ घरांतून मुले परगावी आणि वडील पगारी माणसाच्या हाती, अशी स्थिती आहे. त्या माणसाचे शिक्षण काय, त्याला विसावा मिळतो की नाही, आणि आपल्यामागे तो कसा वागतो, याची विचारपूस करणे हे मुलांचे कर्तव्यच आहे. तसेच त्याला मानाने वागविणे, हेही.

२९ एप्रिल १९३९ रोजी कलकत्त्यात सुभाषबाबूंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्रिपुरीच्या वादात कोणाची बाजू बरोबर होती, यावर इतिहासकार भांडत राहतील. परंतु एवढे निश्चित की, मतभेद कितीही तीव्र असले, तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला विश्वास आणि निवांतपणा देता आला पाहिजे.