बाळाची काळजी घरी की दवाखान्यात? खर्चाचा जुना हिशोब

धडगाव-अक्कलकुव्यात बाळ दगावलं की आपली मागणी ठरलेली: दवाखान्यात खाटा वाढवा. मागणी बरोबरच आहे. पण मंडळी, जुना हिशोबही एकदा बघा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 1995 पासून 39 गावांत, गावातल्याच बायांना शिकवून, नवजात बाळांची काळजी आणि उपचार घरीच सुरू केले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने आकडे छापले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले होते. खर्च? बाळामागे 5.3 डॉलर, तेव्हाचे साधारण 230 रुपये.

2011 मध्ये केंद्राने हेच काम देशभरातल्या आशांकडे दिलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी 42 दिवसांत सहा भेटी, सगळ्या मिळून 250 रुपये. भेटीला 42 रुपयेसुद्धा नाहीत! सातपुड्यात एक घर या टेकडीवर, दुसरं त्या टेकडीवर. घरची सेवा स्वस्त पडते, कारण चढण आशाच्या पायांवर टाकलीय.

दवाखान्याचंही तसंच. पोषण पुनर्वसन केंद्रात कुपोषित बाळ आईसकट साधारण 14 दिवस राहतं. जेवण-औषध फुकट, बुडीत मजुरीही मिळते. पण घरी राहिलेली लेकरं, गुरं, ऐन कापणी? हा खर्च कुठल्याच वहीत नाही. मग आई मध्येच बाळ घेऊन निघते आणि आपण म्हणतो, लोक अडाणी.

गंभीर बाळाला खाट लागतेच. खाटांच्या मागणीखाली येत्या ग्रामसभेत एक ओळ वाढवा: डोंगरी पाड्यांवरच्या आशांना भेटीमागे चालण्याचा वेगळा भत्ता.